तापट यंत्राचा ताळेबंद

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने यंत्रावर लेख लिहावा, हे काही वाचकांना आगाऊपणाचे वाटेल. विज्ञान शाखेतल्या मैत्रिणींनी तर 'तू आपला जमाखर्च लिही, यंत्रे आम्हांला सोड' असे तोंडावरच सांगितले. परंतु वाचकहो, मी जे लिहिणार आहे तोही एका अर्थी जमाखर्चच आहे. फरक एवढाच की या खात्यात एका बाजूला रुपये आहेत आणि दुसऱ्या बाजूला उष्णता.

शक्ती म्हटली की तिच्या मागोमाग उष्णता आलीच. नांगराचा बैल तापतो, ट्रकचे इंजिन तापते, परीक्षेच्या आदल्या रात्री विद्यार्थ्याचे डोके तापते. संगणकही याला अपवाद नाही. उलट तो या बाबतीत सगळ्यांच्या पुढे आहे. तो जेवढी वीज खातो, तेवढी जवळजवळ सगळीच शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. त्याने कितीही मोठी गणिते केली तरी ती वीज कुठे शिल्लक राहत नाही. म्हणून संगणक किती शक्तिमान आहे हे विचारण्याआधी त्याची उष्णता जाते कोठे, हे विचारले पाहिजे. गेल्या उन्हाळ्यात बारडोलीला मी हेच शिकले, आणि ते मला आमच्या 'कॉस्टिंग'च्या पुस्तकापेक्षा जास्त लक्षात राहिले.

बारडोली हे नाव आपण शाळेत इतिहासाच्या पुस्तकात वाचलेले असते. सुरत जिल्ह्यातले हे तालुक्याचे गाव १९२८ च्या शेतसाऱ्याच्या सत्याग्रहाने देशभर गाजले आणि वल्लभभाईंना 'सरदार' ही पदवी याच लढ्याने मिळाली. माझी आत्या तिथे राहते. तिचे यजमान त्या भागातल्या एका सहकारी साखर कारखान्यात नोकरीला आहेत. (आत्याच्या यजमानांनाही आमच्याकडे 'मामा'च म्हणतात, म्हणून पुढे मी त्यांना मामाच म्हणणार आहे.) आमच्या निपाणी-कोल्हापूरकडची साखर कारखान्यातली माणसे नोकरीसाठी कुठे कुठे जातात, त्यांतलेच ते एक. आत्याचा मुलगा, म्हणजे माझा दादा, लग्नांच्या चित्रफिती संकलित करून देतो. बारडोलीच्या आसपासच्या गावांतली असंख्य कुटुंबे इंग्लंड-अमेरिकेत आहेत. ती हिवाळ्यात लग्ने करायला गावी येतात, आणि त्यांना सगळे झटपट हवे असते. सकाळचे लग्न, आणि त्याची दहाबारा मिनिटांची फिल्म संध्याकाळच्या स्वागत-समारंभात पडद्यावर! या कामाला त्या धंद्यात 'सेम डे एडिट' म्हणतात.

आता अडचण लक्षात घ्या. हे काम करायला संगणक डेस्कटॉपच्या ताकदीचा हवा, आणि तो मांडवात उचलून नेता येण्यासारखाही हवा. म्हणून दादाने खेळांसाठी बनवलेला, २०१९ सालच्या मॉडेलचा एक जाडजूड लॅपटॉप सेकंडहँड घेतला होता. असल्या यंत्रांना 'डेस्कटॉपच्या जागी चालणारा लॅपटॉप' म्हणतात. वजन तीन किलोंच्या घरात, आणि त्याचा अ‍ॅडॉप्टर म्हणजे चक्क एक वीट.

ही कल्पना तशी नवी नाही. १९८१ साली अमेरिकेत 'ऑस्बोर्न १' हा उचलून नेता येण्याजोगा संगणक विक्रीला आला. त्याचे वजन सुमारे ११ किलो होते. तो काढणारा अ‍ॅडम ऑस्बोर्न याचे बालपण तमिळनाडूत गेले आणि २००३ साली त्याचा शेवटही कोडाईकनाललाच झाला, हे वाचून मला उगीचच आपलेपणा वाटला. पुढे यंत्रे हलकी झाली. पण ज्यांना डेस्कटॉपएवढी ताकद हवी होती, त्यांच्यासाठी ती पुन्हा जड होत गेली. तैवानच्या क्लेव्हो कंपनीने लॅपटॉपच्या पेटीत डेस्कटॉपचाच प्रोसेसर बसवला. २०१७ साली एसरने 'प्रिडेटर २१ एक्स' नावाचा लॅपटॉप काढला. त्याचे वजन साडेआठ किलोंच्या आसपास होते आणि भारतात त्याची किंमत ६,९९,९९९ रुपये होती. म्हणजे एक रुपया कमी करून गिऱ्हाइकाचे मन राखण्याची रीत सात लाखांच्या वस्तूलाही सुटली नाही! जडपणा आणि किंमत यांचा एवढा सोस कशासाठी, तर आतली उष्णता बाहेर काढायला तांबे, पंखे आणि जागा लागते म्हणून. पातळ पेटीत जास्त शक्ती कोंबली की काय होते, हे २०१८ च्या जुलैमध्ये अ‍ॅपलसारख्या कंपनीलाही कळले. तिच्या नव्या लॅपटॉपमधला सहा कोअरचा प्रोसेसर तापून ठरल्यापेक्षाही मंद चालत होता, आणि कंपनीला दिलगिरी व्यक्त करून सॉफ्टवेअरची दुरुस्ती पाठवावी लागली.

मी एप्रिलअखेर बारडोलीला पोहोचले तेव्हा घरात एक वाद धुमसत होता. दादाचे यंत्र काम करता करता दमत होते. सुरुवातीला झपाट्याने चाले, आणि मिनिटभरातच पंख्यांचा आवाज वाढून वेग ढासळे. बारा मिनिटांची फिल्म तयार होऊन बाहेर पडायला ३१ मिनिटे लागत. हंगामात रात्रीतून अशा पाच-सहा फिती निघायच्या. दादा त्या बाहेर पडेपर्यंत जागा राहायचा आणि पहाटे कधीतरी खुर्चीतच डोळा लागायचा. त्याला एक नवा डेस्कटॉप घ्यायचा होता. दुकानदाराने ९५ हजारांचा आकडा सांगितला होता. घरात रोकड होती ती ८० हजार, आणि ती आत्याने माझ्या आतेबहिणीच्या नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या फीसाठी बाजूला काढलेली होती. दादाचे म्हणणे, पैसे आता वापरू, हंगामात दुप्पट करून देतो. आत्याचे म्हणणे, हंगाम नोव्हेंबरात येतो आणि फी जूनमध्ये भरायची असते. आतेबहीण काहीच बोलत नव्हती, आणि तिचे ते न बोलणेच मला जास्त टोचत होते.

"तू कॉमर्सवाली ना गं? मग तूच हिशेब करून सांग," आत्या म्हणाली. असा मी त्या भानगडीत शिरले.

हिशेब करायचा तर आधी आकडे हवेत. बारडोलीच्या गावात बसून हे वेगळे सांगायला नको. १९२८ चा लढा धैर्याचा होता हे खरेच, पण तो आकड्यांचाही होता. सरकारने वाढवलेला सारा मुळातच चुकीच्या आकडेमोडीवर उभा आहे, हे शेतकऱ्यांचे म्हणणे होते. सरकारची वाढ २२ टक्क्यांच्या घरात होती. ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल या अधिकाऱ्यांनी चौकशी केल्यावर ती जेमतेम ६ टक्क्यांवर आली. न मोजता बोलणाऱ्याचे काय होते, याचा तो धडा आहे.

तेव्हा दादाने आणि मी दोन दिवस नुसते मोजले. तापमान, वेग आणि विजेचा खप दाखवणारे सॉफ्टवेअर फुकट मिळते. ते चालू ठेवून एकच फिल्म पुन्हा पुन्हा बाहेर काढली आणि वहीत रकाने आखून नोंदी केल्या. प्रोसेसर मिनिटाभरात ९७ अंशांवर जाई. असल्या बहुतेक प्रोसेसरांची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते. ती जवळ आली की तो जळू नये म्हणून आपोआप वेग कमी करतो. म्हणजे यंत्र दुबळे नव्हते, ते स्वतःला वाचवत होते.

नोंदींत आणखी एक गंमत दिसली, आणि ती वाणिज्याच्या विद्यार्थ्यांना लगेच कळेल. अशा प्रोसेसराला विजेच्या दोन मर्यादा घालून दिलेल्या असतात. एक कायमची, आमच्या यंत्रात ४५ वॉटची. दुसरी तिच्या जवळजवळ दुप्पट, पण काही सेकंदांपुरती. पहिली म्हणजे आपले महिन्याचे उत्पन्न आणि दुसरी म्हणजे बँकेचा ओव्हरड्राफ्ट! जाहिरातीत जो मोठा वेग छापलेला असतो तो या ओव्हरड्राफ्टवरचा असतो. एखादी फाइल उघडायची तर तो पुरतो. अर्धा तास सलग काम करायचे तर माणूस काय आणि यंत्र काय, शेवटी नेहमीच्या उत्पन्नावरच चालते. आणि दादाचे यंत्र तापल्यामुळे ते ४५ वॉटसुद्धा पुरते वापरू शकत नव्हते.

तिसऱ्या दिवशी यंत्र उघडायचे ठरले. वॉरंटी केव्हाच संपली होती, तरी स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतल्यावर दादाचा हात थांबला. सगळी रोजीरोटी त्या पेटीत होती. तेव्हा मामा आरामखुर्चीतून म्हणाले, "आमचा कारखाना सहा महिने चालतो, कारण उरलेले सहा महिने तो उघडून ठेवतात. गाळप संपले की रोलर बाहेर, नळ्या साफ, पंप उघडे. जे यंत्र कधी उघडत नाहीत ते हंगामात उघडावे लागते." मे महिन्यात कारखान्यात नेमके तेच काम चालू होते.

खालचे झाकण काढले आणि आत बारडोलीचा सगळा भूगोल सापडला. पंख्याच्या तोंडाशी कापडाच्या तंतूंचा नमद्यासारखा थर होता आणि त्यात शेतात पाचट जाळल्यावर उडणारी काळी काजळी बसली होती. त्यातून वारा जाणार कसा? मऊ ब्रशने ते काढले. पंख्याची पाती हाताने धरून ठेवली, कारण हवेच्या झोताने पंखा गरगर फिरला तर बिघडतो. मग प्रोसेसरावर बसणाऱ्या तांब्याच्या नळ्यांचा सांगाडा उचलला. त्या दोहोंच्या मध्ये उष्णता वाहून नेणारी पेस्ट असते. धातूचे दोन पृष्ठभाग डोळ्यांना सपाट दिसले तरी त्यांत सूक्ष्म खाचा असतात आणि खाचांत हवा. हवा ही उष्णतेची वाईट वाहक, म्हणून ती घालवायला पेस्ट भरतात. आमच्या यंत्रातली पेस्ट वाळून तिच्या खपल्या झाल्या होत्या.

दादाच्या एका मित्राने पेस्टच्या जागी 'लिक्विड मेटल' घालण्याचा आग्रह धरला. ते गॅलियमचे मिश्रण असते, साध्या तापमानाला पातळ राहते आणि उष्णता फार चांगली नेते. पण त्याचा थेंब बाहेर सांडला तर सर्किट शॉर्ट होते, आणि अ‍ॅल्युमिनियमला लागला तर ते अ‍ॅल्युमिनियम ठिसूळ करून टाकते. जे यंत्र दर आठवड्याला जीपच्या मागच्या सीटवर हादरे खात फिरणार, त्यात हे नको असे आम्ही ठरवले आणि साधी चांगली पेस्टच भरली. स्मरणचिपांवरच्या वाळलेल्या पट्ट्याही बदलल्या.

खालच्या झाकणाला वारा घ्यायला भोके फार थोडी होती. सुरतच्या जुन्या सुट्या भागांच्या दुकानातून त्याच मॉडेलचे दुसरे झाकण आणले आणि पंख्यांच्या खालचा भाग कापून तिथे बारीक जाळी बसवून घेतली. मूळ झाकण जपून ठेवले, कारण पुढेमागे यंत्र विकायचे झाले तर ते लागेल. गावातल्या एका सुताराने मागची बाजू चार बोटे उंच राहील असे सागवानी तिवई-वजा स्टँड करून दिले. पेस्ट आणि पट्ट्या ८५० रुपये, झाकण ७००, जाळी आणि मजुरी २५०, स्टँड ६००. एकूण २,४०० रुपये. तीच फिल्म आता २४ मिनिटांत बाहेर आली. तापमान ८८ अंश.

यानंतरची पायरी मला सर्वांत मोहक वाटली. प्रोसेसराला दिले जाणारे व्होल्टेज जरा कमी करायचे. कारखान्यात सगळ्या चिपा एकसारख्या निघत नाहीत. म्हणून कंपनी त्यांतल्या कमकुवत चिपेलाही पुरेल एवढे व्होल्टेज सगळ्यांना देते. आपली चिप बरी निघाली असेल तर ती त्याहून कमीवर चालते. चिपेचा विजेचा खप साधारणपणे वेगाच्या प्रमाणात वाढतो, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग तोच ठेवून व्होल्टेज १० टक्के कमी केले तर ०.९ गुणिले ०.९ म्हणजे ०.८१. बसल्या जागी १९ टक्के बचत! ती वाचलेली वीज यंत्र पुन्हा कामाला लावते.

हे मी मामांना समजावून सांगू लागले तर ते हसले. म्हणाले, "म्हणजे तुमचा व्हॅक्यूम पॅन झाला की!" साखर कारखान्यात रस आटवून दाणा पाडतात तो उघड्या कढईत नाही, तर हवा काढून घेतलेल्या बंद भांड्यात. दाब कमी असला की रस शंभरऐवजी साठ-सत्तर अंशांवरच उकळतो. साखर करपत नाही, जळण वाचते, दाणा चांगला पडतो. इंग्लंडमध्ये एडवर्ड हॉवर्डने ही युक्ती १८१३ च्या सुमारास काढली. जास्त आच लावून नव्हे, तर कमी आचेत काम होईल अशी सोय करून साखरेचा धंदा मोठा झाला. मला वाटते, या एका वाक्यात मामांनी आमचा सगळा उद्योग सांगून टाकला.

ही सोय मात्र प्रत्येक यंत्रात मिळत नाही. डिसेंबर २०१९ मध्ये बर्मिंगहॅम, ग्राझ आणि लुव्हेन येथल्या विद्यापीठांतील संशोधकांनी दाखवून दिले की व्होल्टेज मुद्दाम खाली खेचून इंटेलच्या प्रोसेसराला गणितात चुका करायला लावता येते आणि त्यातून आतली गुप्त माहिती काढता येते. या प्रकाराला त्यांनी 'प्लंडरव्होल्ट' नाव दिले. त्यानंतर कंपन्यांनी पुष्कळ लॅपटॉपांतली ही खिडकी बंद करून टाकली. आमच्या यंत्रात ती उघडी होती. एका वेळी १० मिलिव्होल्ट असे उतरत गेलो आणि प्रत्येक पायरीवर तासभर चाचणी घेतली. ११० वर यंत्र मध्येच बंद पडून पुन्हा चालू झाले, तेव्हा हद्द कळली. मग थोडे वर येऊन ८० वर थांबलो, कारण मांडवातली गर्मी घरातल्यासारखी नसते. खर्च शून्य. फिल्म २१ मिनिटांत, तापमान ८१ अंश.

आता दादाला चेव चढला. आता वेग वाढवायचा, म्हणजे ओव्हरक्लॉकिंग! हा छंदही जुना आहे. १९८४ साली आयबीएमने आपला 'एटी' संगणक ६ मेगाहर्ट्झवर चालणारा काढला, तेव्हा लोकांनी त्यातला घड्याळाचा स्फटिक काढून जास्त वेगाचा बसवला. पुढच्या वर्षी आयबीएमने संगणकातच अशी तपासणी घातली की वेग बदललेला दिसला तर तो सुरूच होणार नाही. तेव्हापासून हा लपंडाव चालू आहे. डिसेंबर २०२२ मध्ये एका हौशी तज्ज्ञाने प्रोसेसराला द्रवरूप हेलियमने गोठवून ९ गिगाहर्ट्झचा टप्पा ओलांडला. पण तो वेग क्षणभराचा. त्यावर कोणी लग्नाची फिल्म बनवू शकत नाही.

लॅपटॉपांतले बहुतेक प्रोसेसर कंपनीनेच कुलूपबंद केलेले असतात, दादाचाही होता. मोकळी होती ती ग्राफिक्सची चिप. तिचा वेग १०० मेगाहर्ट्झने चढवला. १७५ वर पडदा गोठला, म्हणून १०० वर ठेवला. फिल्म साडेवीस मिनिटांत आली. एवढी सगळी धडपड अर्ध्या मिनिटासाठी! पंखे किंचाळायला लागले, विजेचा खप वाढला, आणि खोलीत बसवेना. कारण इथे तेच गणित उलटे फिरते. वेग १० टक्के वाढवायला व्होल्टेजही १० टक्के वाढवावे लागले, तर १.१ तीन वेळा गुणून १.३३ येते. दहा टक्के मिळवायला तेहतीस टक्के जास्त मोजायचे. अर्थशास्त्राच्या तासाला घटत्या फलाचा सिद्धांत आम्हांला शेत, मजूर आणि खत यांच्या उदाहरणाने शिकवतात. तो एवढ्या स्वच्छपणे मी कधी पाहिला नव्हता. आमच्या वहीत पहिली सात मिनिटे २,४०० रुपयांना पडली, पुढची तीन फुकट मिळाली, आणि शेवटच्या अर्ध्या मिनिटाने स्थैर्यच गहाण मागितले.

दादाने मुकाट्याने वेग पूर्ववत केला.

खरी परीक्षा मे महिन्याच्या मध्यावर नवापूरच्या एका लग्नात झाली. नवापूरचे रेल्वे स्टेशन अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. सीमाभागात वाढलेल्या मला तिथे परके वाटण्याचे कारणच नव्हते. मांडवामागच्या पत्र्याच्या खोलीत, चाळिशीच्या उन्हात, सागवानी स्टँडवर यंत्र मांडले. दुपारी वीज गेली आणि जनरेटर सुरू होईपर्यंतची मिनिटे बॅटरीने काढली. त्या अवधीत वेग खूप उतरला, कारण एवढे मोठे यंत्र बॅटरीवर पूर्ण ताकदीने चालूच शकत नाही. पण काम पुसले गेले नाही. नुसता डेस्कटॉप असता तर गेले असते. सात वाजता फिल्म पडद्यावर गेली. नवरीच्या आजीने स्वतःला पाहून तोंडाला पदर लावला, तेव्हा दादाने माझ्याकडे पाहून फक्त मान हलवली.

परत आल्यावर मी आत्यापुढे ताळेबंद मांडला. दादाला घरी मोठा पडदा हवा होता तो, कीबोर्ड आणि माऊस जुन्या बाजारात ५,६०० रुपयांना मिळाले. म्हणजे सगळे मिळून ८,००० रुपयांत टेबलावर डेस्कटॉप आणि मांडवात लॅपटॉप. बॅटरी कायम पूर्ण भरलेली आणि गरम राहिली तर लवकर मरते, म्हणून घरी तिचे भरणे ८० टक्क्यांवर थांबवले. आयकराच्या नियमाप्रमाणे संगणकावर दर साल ४० टक्के घसारा धरतात. त्या हिशेबाने लाखाच्या यंत्राची पुस्तकी किंमत पाच वर्षांनी ७,७७६ रुपये उरते. पुस्तकात ते जवळजवळ मेलेले असते. टेबलावर मात्र ते आणखी तीन हंगाम काढू शकते, जर कोणी त्याची काजळी काढली तर. पुस्तकाचा हा दोष नाही. यंत्राचा मालक त्याला ओळखतो की नाही, याचा रकाना पुस्तकात नसतो एवढेच.

दादाला नवा डेस्कटॉप लागणारच नाही, असे मी म्हटले नाही. लागेल. पण तो हंगामाच्या पैशातून घ्यावा, फीच्या पैशातून नव्हे, असे मी लिहून दिले. जूनमध्ये फी भरली गेली. दादा आठवडाभर माझ्याशी जेवढ्यास तेवढेच बोलला, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. त्याची बाजू अगदी खोटी नव्हती. धंद्यात जो वेळेवर उडी मारत नाही तो मागे पडतो, हे आम्हांलाही वर्गात शिकवतात.

आपल्या भाषेत 'अंथरूण पाहून पाय पसरावे' म्हणतात. गोकाककडची माझी अज्जी कन्नडमध्ये 'हासिगे इद्दष्टु कालु चाचु' म्हणते, आणि बारडोलीच्या शेजारीणबाई 'पछेडी प्रमाणे सोड ताणवी' असे गुजरातीत म्हणाल्या. तिन्ही भाषांनी पायांनाच दटावले आहे. पण अंथरुणाची घडी मोडून ते नीट पसरले, तर त्याच अंथरुणात पाय आणखी चार बोटे लांब जातात, हे मी त्या उन्हाळ्यात पाहिले. दादाच्या यंत्रात नवी शक्ती आम्ही घातली नाही. आत होती तिच्या वाटेतली काजळी काढली आणि तिच्यावरचा नको तेवढा भार उतरवला.

या सगळ्यात एक गोष्ट मला अजून अस्वस्थ करते. मी बारडोलीला पोहोचले त्या दिवसांत हंगाम संपवून परत निघालेली ऊसतोड कुटुंबे रस्त्याने दिसत होती. डांगची, नंदुरबारकडची माणसे. ट्रकमध्ये भांडी, कोंबड्या आणि मुले. त्यांना मजुरी टनावर मिळते. त्या पेटीतल्या नखाएवढ्या चिपेला शंभर अंश झाले की आपोआप थांबण्याची सोय कोणी तरी विचारपूर्वक करून ठेवली आहे. टनावर राबणाऱ्या माणसाला तशी सोय नाही, आणि रात्र रात्र जागणाऱ्या माझ्या दादालाही नव्हती. आता फिती दहा मिनिटे लवकर निघतात. रात्रीच्या सहा फितींचा एक तास होतो. त्या तासात तो आणखी एक फिल्म घेईल की झोपेल, हे मात्र कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये बसवता येत नाही. आत्याने त्याला झोपायला सांगितले आहे.